कपड्यांची आणि बॅगांची चुंबकी बटणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या आमच्या शिवणघरात पर्स आणि बॅगा शिवतो, शिवाय हातांची पकड गेलेल्या माणसांसाठी त्यांचे रोजचे कपडे बदलून देतो. दोन्ही कामांत चुंबकी बटण लागतं. गिऱ्हाईकं आणि शिवणकाम शिकणाऱ्या मुली जे नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पेसमेकर आणि लहान मुलं यांच्याबद्दलची दोन उत्तरं मात्र प्रत्येकाने वाचावीत, बटण कुठेही लावायचं असो.

वडिलांना पेसमेकर बसवला आहे. त्यांच्यासाठी चुंबकी बटणांचा शर्ट करून मिळेल का?

नाही. पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाची लय बिघडली की झटका देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्या माणसासाठी असा शर्ट आम्ही शिवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

कारण समजून घ्या. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक धरतात, तेव्हा बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके विचारात न घेता ठरावीक गतीने चालू लागतात. आयसीडीचं काम जीवघेणी लय ओळखून झटका देण्याचं. चुंबक जवळ असेपर्यंत तो झटकाच बंद राहू शकतो. दवाखान्यात हे डॉक्टरांच्या नजरेसमोर होतं. शर्टातल्या चुंबकांमुळे घरी दिवसभर होत राहिलं, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. जोरदार चुंबकं असलेले मोबाइल आणि मनगटी घड्याळं अशा यंत्रांपासून किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवा, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये दिला. बटणालाही तोच नियम लावा, आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही करू नका.

बॅगेचा विचार सहसा कुणी करत नाही. सीबीएस बसस्थानकावर किंवा नाशिकरोड स्टेशनवर गर्दी झाली की आपण बॅग पाठीवरून पुढे घेतो आणि छातीशी घट्ट धरतो. झाकणाचं चुंबक तेव्हा नेमकं पेसमेकरवर येऊ शकतं. अशा माणसाच्या बॅगेला चेनच हवी. बँकेत किंवा दुकानात काम करणाऱ्यांची नावाची पाटी छातीवर चुंबकाने बसते, तीही नको.

शर्टाला पर्याय आहे. दर्शनी बाजूला नेहमीची बटणं शोभेपुरती टाकायची आणि पट्टीच्या आत वेल्क्रोचे छोटे तुकडे लावायचे. बाहेरून शर्ट जसा होता तसाच दिसतो.

डोक्यातलं पाणी वळवण्यासाठी शंट म्हणजे नळी बसवलेली असेल, तर त्यातल्या काही झडपांची मांडणी चुंबकाने बदलू शकते. त्यामुळे स्कार्फ किंवा टोपीला चुंबकी पिन लावू नका. कानामागे कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल किंवा इन्सुलिन पंप वापरत असाल, तरी आधी डॉक्टरांना विचारा.

घरात लहान मूल आहे. भीती कशाची?

गिळण्याची. एक सुटं चुंबक पोटात गेलं तरी डॉक्टरांना दाखवावंच लागतं. पण दोन चुंबकं, किंवा एक चुंबक आणि लोखंडाचा एखादा तुकडा वेगवेगळ्या वेळी गिळला गेला, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल हसतंखेळतं असतं. नंतर उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, आणि त्याचं खापर बाहेरच्या खाण्यावर फोडलं जातं.

शंका आली तरी केळं खायला घालून शौचावाटे पडायची वाट बघू नका. लगेच रुग्णालयात जा आणि पहिल्याच वाक्यात ‘चुंबक गिळलं असावं’ असं सांगा, म्हणजे एक्स-रे लवकर निघेल.

लहान मुलांच्या कपड्यांना आम्ही चुंबक लावत नाही. मोठ्यांच्या कपड्यातली चुंबकंही प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालून, चारी बाजूंनी टीप मारून पट्टीच्या आत टाकतो. धुतल्यावर पट्टी बोटांनी चाचपत जा. शिवण उसवलेली दिसली तर कपडा तसाच बाजूला ठेवा.

आईला पार्किन्सन आहे. चुंबकी बटणांनी खरंच फरक पडतो का?

पडतो. आमच्या सगळ्या कामात आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पार्किन्सनमध्ये हात थरथरतो एवढंच दिसतं, पण हालचाल मंदावते आणि बोटांचं बारीक काम आधी जातं. काज शोधणं, बटण तिरकं करणं, अंगठ्याने ढकलणं, दुसऱ्या बोटाने पलीकडून ओढणं, एवढ्या सगळ्या हालचाली एका बटणाला लागतात. संधिवाताने सांधे सुजलेले असले किंवा पक्षाघातानंतर एकच हात चालत असला, तरी अडचण तीच. मग रोज सकाळी सून किंवा मुलगा बटणं लावून देतो. प्रेमानेच देतो, पण ज्या बाईंनी आयुष्यभर घर उभं केलं, त्यांना गाऊनची बटणं दुसऱ्याने लावावीत हे मनाला लागतं. चुंबकाला फक्त दोन पट्ट्या जवळ आणाव्या लागतात, पुढचं काम ते स्वतः करतं.

अमेरिकेत मॅग्नारेडी नावाने असे शर्ट मिळतात. मॉरा हॉर्टन यांचे पती डॉन हॉर्टन फुटबॉलचे प्रशिक्षक होते; पार्किन्सनमुळे त्यांना शर्टाची बटणं लावणं जमेना, त्यातून मॉरा यांनी हे शर्ट काढले. तिकडून मागवण्यापेक्षा घरातलाच सवयीचा शर्ट किंवा गाऊन बदलून घ्यावा असं आमचं मत आहे. माप बसलेलं असतं, कापड अंगाला ओळखीचं असतं.

जुना शर्ट घरीच बदलता येईल का?

येईल. शिवणयंत्रावर सरळ टीप मारता येत असली की पुरे.

बटणपट्टीवरची सगळी बटणं आधी उसवून काढा. काजपट्टीवरची काजं हाताने टाके घालून बंद करा आणि काढलेली बटणं त्याच काजांवर टाका, म्हणजे शर्ट लावल्यावर बटणं जागच्या जागी दिसतील. मग दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडा थोड्या थोड्या उसवा. चुंबक 10 ते 12 मिलिमीटर व्यासाचं, 2 मिलिमीटर जाडीचं, प्लास्टिकच्या पाकिटातलं घ्या; पाकिटाला शिवण्यापुरती कड असते.

आता खरं लक्ष द्यायचं ते बाजूकडे. प्रत्येक जोडी हातात धरून एकमेकांना चिकटू द्या. चिकटलेल्या जोडीच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंवर पेनाने फुली मारा. शिवताना काजपट्टीतल्या चुंबकाची फुली वर, तुमच्याकडे, आणि बटणपट्टीतल्या चुंबकाची फुली खाली, अंगाकडे. एकच जोडी काढा, दोन्हीकडे बसवा, कच्च्या टाक्यांनी अडकवा, चिकटतात का बघा आणि मगच पुढची जोडी घ्या. सगळी चुंबकं एका वाटीत ओतून बसलात तर ती एकमेकांवर झेपावतात आणि खुणा राहतात बाजूला.

यंत्रावर चेन लावायचा अरुंद पाय चढवा. तरीही चुंबक सुईला आणि पायाला ओढतंच, सुई वाकडी उतरते आणि कधी मोडते. म्हणून पाकिटाच्या अगदी कडेने, हळू, हाताने चाक फिरवत टीप मारा. वैताग आला तर ती शेवटची बाजू हाताने शिवा, काही बिघडत नाही.

पोटावर तंग बसणाऱ्या शर्टाला चुंबकं टिकत नाहीत. माणूस खुर्चीत बसला की पट्टी आडवी ताणली जाते आणि बटणं पटापट सुटतात. एक माप मोठा शर्ट घ्या. गळ्याचं बटण बहुतेकजण लावतच नाहीत, तिथे चुंबक घालू नका; मानेजवळ उगाच वजन होतं.

साडीच्या निऱ्यांना आणि पदराला चुंबकी पिन चालते का?

शिफॉनची ओढणी, हलका स्टोल, स्कार्फ यांना उत्तम. कापडाला भोक पडत नाही, जाळी फाटत नाही. भारी साडीला नाही. चुंबक सरळ ओढलं तर जोर धरतं, पण बाजूने सरकवलं तर कितीतरी कमी जोरात सुटतं, आणि खांद्यावरचा पदर किंवा कमरेच्या निऱ्या नेमक्या सरकतच खाली ओढतात. येवल्याच्या पैठणीचा पदर खांद्यावर चुंबकाने राहील अशी आशा ठेवू नका. तिथे सेफ्टी पिनच, मागे कापडाची घडी घेऊन.

जरीला मात्र धोका नाही. सोनं, चांदी, तांबं, पितळ आणि अॅल्युमिनिअम चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे खरी जर काय आणि प्लास्टिकची चकाकी काय, दोन्हीकडे चुंबक गप्प असतं. मंगळसूत्रालाही काही होत नाही.

पर्सला लावायचं मॅग्नेट बटण आणि शिवायचं चुंबक, वेगळे आहेत का?

हो. पर्सचं बटण दोन चकत्यांचं असतं. एकीत चुंबक आणि मधे खळगा; दुसरी साध्या लोखंडाची, त्या खळग्यात बसणारा उंचवटा असलेली. दोन्हींना मागे दोन पाय असतात, ते कापडातून घालून वॉशरवर वाकवायचे. इथे चुंबक एकाच बाजूला असल्यामुळे उलटसुलट व्हायची भीती नाही. शिवायची चुंबकं जोडीने येतात आणि त्यांची बाजू बघावीच लागते.

बाजारात 14 आणि 18 मिलिमीटरची बटणं जास्त चालतात. हाताएवढ्या पर्सला 14, खांद्याच्या झोळीला 18.

नाशिकमध्ये कुठे मिळतात आणि चांगलं कसं ओळखायचं?

मेन रोड आणि तिथल्या आसपासच्या गल्ल्यांत शिवणसाहित्याची दुकानं आहेत. ‘पर्सचं मॅग्नेट’ म्हटलं की कळतं. रंग विचारतील: चांदी, सोनेरी किंवा जुन्या पितळेसारखा, ज्याला दुकानदार अँटिक म्हणतो.

जाताना तुमच्या बॅगेचं कापड घेऊन जा, तेवढ्याच पदरांची घडी घालून. ती बटणाच्या दोन भागांमध्ये धरा आणि ओढून बघा. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, त्यामुळे मोकळ्या हातात कडकन बसणारं बटण जाड कॅनव्हासच्या दोन पदरांपलीकडे लुळं पडतं. पाकिटावर किलोमध्ये जोर लिहिलेला असेल, तर तो जाड सपाट लोखंडावर, मधे काहीही नसताना मोजलेला असतो हे ध्यानात ठेवा. पाय एकदा हलकेच वाकवून बघू द्या म्हणावं. पातळ पत्र्याचे पाय दुकानातच मान टाकतात.

चुंबकाच्या चकतीवर एन 35, एन 42, एन 52 असं लिहिलेलं दिसेल. आकडा जितका मोठा तितकं त्याच मापाचं चुंबक जोरदार. कपड्यासाठी एन 35 पुरतं. एन 52 मुळे बटण इतकं घट्ट बसतं की उघडताना कापडच ओढलं जातं, आणि पकड गेलेल्या हाताला त्याचा काय उपयोग?

पैठणीच्या पर्सला बटण लावताना कापड विरतं. काय करावं?

पैठणीला भोक पाडूच नका. रेशमाचा धागा एकदा सुटला की चिरेपासून कडेपर्यंत पळतो. बटण अस्तराला लावा, दर्शनी पैठणी अखंड राहू द्या.

अस्तराच्या उलट बाजूला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक कापड) चिकटवून घ्या. बटणाची जागा ठरली की त्यावर कॅनव्हासचा किंवा रेक्झिनचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवा. वॉशर त्यावर ठेवून त्याच्या दोन फटींतून पेन्सिलने खुणा करा. उसवणीने त्या खुणांवर अगदी लहान चिरा पाडा, पायापेक्षा किंचित कमीच, आणि चिरेच्या कडांना रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब लावून वाळू द्या. मग सुलट बाजूने पाय घाला, मागून वॉशर चढवा आणि पक्कडीने एकेक पाय बाहेरच्या बाजूला आडवा करा. हातोडी मारू नका. आतलं चुंबक ठिसूळ असतं, तडकतं. वाकवलेल्या पायांवर फोमचा तुकडा चिकटवा, नाहीतर त्यांचा ठसा पैठणीवर उमटतो आणि काही महिन्यांत तिथला मोर झिजतो.

हे सगळं अस्तर जोडण्याआधी करायचं. बटणाचा दुसरा भाग लावायची घाई करू नका. पर्स पूर्ण उभी राहू द्या, आत मोबाइल आणि पाकीट ठेवा, झाकण नैसर्गिकपणे जिथे पडेल तिथे खूण करा. त्यासाठी समोरच्या बाजूच्या अस्तराची एक शिवण मोकळी ठेवावी लागते.

चुंबकाच्या बटणावर बॅग सुरक्षित राहते का?

झाकण मिटलेलं राहतं, कुलूप लागत नाही. चुंबक बिनआवाज उघडतं आणि बॅगेत वजन भरलं की तोंड आपोआप वासतं. रामकुंडावर, भद्रकालीच्या बाजारात किंवा 2026-27 च्या सिंहस्थाच्या गर्दीत जायचं असेल, तर आत चेनचा कप्पा असलेलीच बॅग घ्या आणि पैसे तिथे ठेवा.

बँकेचं कार्ड, मोबाइल, घड्याळ यांना काही होतं का?

कार्डाची चिप चुंबकाने बिघडत नाही. रिझर्व्ह बँकेने फक्त पट्टीची जुनी कार्डं 31 डिसेंबर 2018 पर्यंत बदलून चिपची द्यायला बँकांना सांगितलं होतं, त्यामुळे आता हा प्रश्न फारसा उरलेला नाही. काळ्या पट्टीवर चालणारं हॉटेलच्या खोलीचं कार्ड मात्र पुसलं जाऊ शकतं.

मोबाइलमधले फोटो, नंबर जात नाहीत. त्यातलं होकायंत्र तेवढं गोंधळतं आणि नकाशावरचा बाण भलतीकडे वळतो. फोन बॅगेपासून लांब घेऊन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की ठीक होतो. ब्रह्मगिरीला किंवा हरिहरला सुईचं होकायंत्र नेत असाल, तर ते चुंबकी कप्प्यात ठेवू नका. झाकण मिटलं की झोपणारा लॅपटॉप बॅगेचं चुंबक विशिष्ट जागी आलं तर चालू असतानाच झोपतो. बिघाड नाही तो, बॅग बाजूला करा.

चावीचं घड्याळ चुंबकाने भारलं गेलं तर बहुधा पुढे पळू लागतं. घड्याळवाला मिनिटभरात उतरवून देतो.

एमआरआयला जाताना?

चुंबक असलेला कपडा, पिन, बॅग, सगळं बाहेर काढून ठेवायचं. शर्टात चुंबकं शिवलेली आहेत हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तंत्रज्ञांना स्वतःहून सांगा. वडीलधाऱ्यांच्या अशा शर्टाच्या लेबलवर आम्ही मार्करने ‘आत चुंबक’ असं लिहून देतो.

धुलाई आणि इस्त्री?

पाण्याने चुंबकाचा जोर जात नाही. बटणं लावून, शर्ट उलटा करून, जाळीच्या पिशवीत घालून धुवा. अनेक यंत्रांचा ड्रम चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा असतो. मोकळा शर्ट टाकला तर तो भिंतीला चिकटून बसतो आणि पाकिटावर आपटे बसतात. पाकीट फुटलं, वरचा निकेलचा थर खरवडला, की निओडिमियमचं चुंबक, म्हणजे कपड्यात घालतो ते छोटं जोरदार चुंबक, गंजून भुसभुशीत होतं.

इस्त्री जपून. साधं निओडिमियम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतं, आणि सुती कपड्याची इस्त्री 200 च्या आसपास जाते. पट्टीवरून ती फिरली की जोर कायमचा कमी होतो आणि प्लास्टिकचं पाकीटही मऊ पडतं. पट्टी सोडून बाकीच्या शर्टावर फिरवा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांना देत असाल तर तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठी टाचून द्या.

बटणाभोवती काळी पूड जमते. काय आहे ते?

दोन शक्यता. गोदाघाटावर बॅग वाळूत ठेवली असेल, तर ती काळी वाळू आहे. आपल्याकडचा काळा पाषाण बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. खडक झिजून ते नदीच्या वाळूत येतात आणि चुंबकाला केसाळ दाढीसारखे लटकतात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात लेथजवळ बॅग टांगत असाल, तर तो लोखंडाचा कीस. तो टोचतो आणि पावसात गंजून कापडावर तांबूस डाग पाडतो. पुसून निघत नाही, इकडून तिकडे सरकतो. चिकटपट्टी दाबून उचला, किंवा कणीक मळून तिचा गोळा टेकवा. पांढऱ्या सुती कापडावरच्या गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा. रेशमाला हा उपाय नाही.

एवढंसं चुंबक इतकं जोरदार कसं?

निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणामुळे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते जवळपास एकाच वेळी, वेगवेगळ्या वाटांनी शोधलं. सागावांना त्यासाठी 2022 चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. त्याआधी फेराइटची काळी चुंबकं होती. स्वस्त पर्सच्या बटणात ती अजून असतात, आणि जाडी चालत असेल तर ती घ्यायला हरकत नाही. ती गंजत नाहीत.

जुन्या पर्सचं बटण काढून नवीन पर्सला लावता येईल का?

चुंबकाचा जोर वर्षानुवर्षं टिकतो, तिथे अडचण नाही. पाय एकदा वाकवून सरळ केले की मात्र मुडपाशी कमकुवत होतात आणि दुसऱ्या खेपेला बहुतेकदा तुटतात. पाय फार हळू, पक्कडीने, एकाच दमात सरळ करा. मुडपाशी पांढरट रेघ दिसली तर ते बटण टाकून द्या आणि नवीन आणा. सुटं झालेलं चुंबक कचऱ्यात मोकळं टाकू नका, चिकटपट्टीत गुंडाळून टाका.